तक्रारवही

पुण्याहून नवे साहेब आले, वय असेल एकोणतीस.
भिंतीवर त्यांनी एक शब्द टाकला: नातं.
खाली बाण, बाणांखाली गोळे.
म्हणाले, अठरा ते पंचवीस हा वयोगट
आपल्याला आयुष्यभरासाठी हवाय.
बाहेर हिंगण्याच्या उन्हात
वाळ्याच्या ताट्यांचा ट्रक रिकामा होत होता,
त्याचा वास दाराखालून येऊन बैठकीत बसला,
न बोलावता.

मी तक्रार विभाग.
म्हणजे एक टेबल, दोन फोन, एक वही,
एकोणीस उन्हाळे.
नात्याबद्दल मला कोणी कधी विचारलं नव्हतं.
मला विचारतात, पंखा काहून फिरून नाही राहिला?

साहेबांची योजना अशी:
फुटाळ्याच्या काठावर सेल्फीचा कोपरा,
कूलरला जांभळा रंग,
रीलमध्ये नाचणारं पांढरं अस्वल,
आणि कंपनीनं पोट्ट्यांशी पोट्ट्यांसारखं बोलायचं.
"काय बे, गरम होऊन राहिलं का?"
हे त्यांनी कागदावरून वाचलं.
शिपाई खोब्रागडे खिडकीकडे तोंड करून खोकला.

मी वही उघडली.
पाच वर्षांमागचं पान, सतरा मे, रात्री पावणेबारा.
नाव सुकेशनी उईके, गाव देवरी,
मुक्काम नंदनवन, तिसरा मजला, पत्र्याची खोली.
तक्रार: पाणी चढत नाही.
खाली माझ्याच अक्षरात,
"सकाळी नर्सिंगचा पेपर. रडत नाही. आवाज कोरडा आहे."

वॉरंटी चार दिवसांपूर्वी संपली होती.
नियम होता तसा. नियम अजून आहे.
डोमाजी नंदेश्वर तेव्हा जेवायला बसला होता.
मी फोनवर नियम सांगायला लागले, तर म्हणाला,
ते काय सांगून राहिल्या बाई, मजला सांगा.

दातांत टॉर्च धरून त्यानं पंप उघडला,
बोअरच्या पाण्याचा खडू बसला होता,
तो स्कूटरच्या चावीनं खरवडला.
जाताना तिला सांगितलं,
आठ दिवसांनी टाकी रिकामी करत जा, मच्छर होतात.
अन् पुढच्या साली नवा घेऊ नको,
ताट्या बदल, हाच चालते.
विक्रेत्यानं असं बोलू नये.
डोमाजी विक्रेता नव्हता.

छान गोष्ट आहे, साहेब म्हणाले, व्हिडिओ करूया.
मी म्हटलं, पान उलटू द्या.

पुढच्या मार्चला तिचा फोन. तक्रार नाही,
ताट्या कुठे मिळतील?
त्याच्या पुढच्या मार्चला ताट्या,
आणि डोमाजीकाका बरे आहेत ना?
मग तिच्या पाच मैत्रिणी:
एकीनं कूलर घेतला, चौघींनी नुसते भाव विचारले.
मग एक मार्च कोरा.
आणि यंदा: नोकरी लागली काकू, वर्ध्याला,
खोलीत एसी आहे, दुसऱ्या कंपनीचा,
सांगायला लाज वाटून राहिली.
लाज कशाची, मी म्हटलं, झोप लागते ना?
लागते, म्हणाली. मग थोडं थांबून,
पण वास नाही येत कशाचाच.

कूलर आता देवरीला, भावाकडे. तो बारावीत.
परवा त्याचा फोन आला, नुकताच जाड झालेला आवाज:
"तुम्हीच का त्या काकू?"

साहेबांनी नाकावरचा चष्मा वर केला.
म्हणजे ही मुलगी आपली धरायची, की गेलेली?
तक्त्यात दोनच रकाने होते.
मला खरंच सांगता आलं नाही.

डोमाजी निवृत्त झाला, त्याच्या जागी माणूस भरलेला नाही.
तो पगार अस्वलाला गेला, असं खोब्रागडे म्हणतो,
खरंखोटं तोच जाणे.
तेवढ्यात दुसरा फोन वाजला.
साहेब बोलत होते, तरी मी उचलला.
बोला, म्हटलं,
कितवा मजला?